पुस्तकाच्या दुकानातले कार्यक्रम: सांगलीतल्या नव्या दुकानदारांसाठी

दुकानात पुस्तकं लावून झाली, पाटी लागली, आता महिन्याला एखादा कार्यक्रम करावा असं मनात आहे. मग सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. सभागृहातला कार्यक्रम लहान जागेत उरकायचा, हा तुमचा उद्योग नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, शाल-श्रीफळ, आभार हे सगळं नाट्यगृहांत आणि कॉलेजांत होतच असतं. पंचवीस माणसांच्या जागेत तेच केलं तर पाऊण तास मानपानात जातो आणि ज्यासाठी लोक आले त्या गप्पांना वीस मिनिटं उरतात. दुकानात आलेल्या माणसाला पुस्तकाबद्दल ऐकायला आणि बोलायला मिळालं पाहिजे, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा यावंसं वाटलं पाहिजे. पुढची सगळी मापं याच हिशोबाने दिली आहेत.

जागा मोजा, मग आकडा ठरवा

टेप घ्या आणि रिकामी जमीन मोजा. बारा बाय वीस फुटांचं दुकान असेल, दोन्ही लांब भिंतींना आणि मागच्या भिंतीला फूटभर खोल कपाटं असतील, तर आत दहा बाय एकोणीस उरतं. काउंटर आणि दाराची वाट यांचे चाळीस चौरस फूट वजा करा. हातात राहिले साधारण दीडशे. बिनहाताच्या प्लास्टिक खुर्चीला दीड फूट रुंदी लागते, एका ओळीच्या पाठीपासून पुढच्या ओळीच्या पाठीपर्यंत तीन फूट लागतात, वर थोडी ये-जा करायची वाट. माणशी सहा चौरस फूट धरा, म्हणजे पंचवीस खुर्च्या. हाताच्या खुर्च्या आणल्यात तर त्याच जागेत अठरा-एकोणीसच बसतील. मंडपवाल्याकडून खुर्च्या आणताना हे आवर्जून सांगा, नाहीतर टेम्पोतून उतरतात त्या हाताच्याच.

मधल्या टेबलाला चाकं बसवून घ्या, दोन चाकांना ब्रेक हवा. टेबलावरची दोनशे पुस्तकं म्हणजे पन्नास-साठ किलो वजन. दर वेळी ती उचलून खाली ठेवायची म्हटलं तर तिसऱ्या महिन्यातच कार्यक्रमाचा कंटाळा येतो.

बोलणाऱ्याला दारापासून लांब बसवा, पाठीमागे पुस्तकांचं कपाट येईल असं. ऐकणाऱ्यांची पाठ दाराकडे हवी. उशिरा येणारे येणारच. ते मागून गुपचूप येऊन बसले तर कुणाचं लक्ष जात नाही. पण दार वक्त्याच्या बाजूला असेल तर प्रत्येक वेळी पंचवीस माना वळतात आणि बोलणाऱ्याचा धागा तुटतो. पंचवीस माणसांना माईक लागत नाही. लागतोय असं वाटलं तर आधी पंखे एकाने कमी करून पाहा, बहुतेक वेळा गोंगाट त्यांचाच असतो. हरभट रोड किंवा गणपती पेठेसारख्या बाजारपेठेत दुकान असेल तर संध्याकाळचा कार्यक्रम ठेवूच नका. हॉर्नच्या वर आवाज काढता काढता लेखकाचा घसा बसतो. तिथे रविवारी सकाळी साडेदहाची वेळ चांगली. विश्रामबागच्या आतल्या रस्त्यावर असाल तर शनिवारी संध्याकाळी सहा चालतात.

दाराबाहेर खुर्च्या मांडायच्या किंवा मंडप घालायचा विचार असेल तर महापालिका आणि पोलीस, दोन्हीकडून परवानगी लागते. बाहेर लाउडस्पीकर लावायला पोलिसांची लेखी परवानगी हवी आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंदच ठेवावा लागतो. पहिलं वर्षभर तरी या फंदात पडू नका, आतच करा.

तारीख

महिन्यातला एकच दिवस धरा, दुसरा रविवार किंवा तिसरा शनिवार, आणि तो हलवू नका. लोक तारीख विसरतात, पण 'दुसरा रविवार' लक्षात राहतो. मग वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या आणि सांगलीचं वर्ष त्यावर लिहा, कारण इथले काही दिवस तुमच्या बाजूचे आहेत आणि काही अजिबात नाहीत.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केलं. पण त्या दिवशी शहरातली नाटकवेडी मंडळी भावे गौरव पदकाच्या कार्यक्रमाला असतात. तुम्ही त्याच संध्याकाळी काही ठेवलंत तर दुकानात चार माणसं येतील. आधीच्या रविवारी नाट्यवाचन ठेवा, तीच माणसं तुमच्याकडेही येतील. संक्रांतीला औदुंबरचं साहित्य संमेलन असतं, त्या दिवशीही दुकानात काही ठेवू नका. उलट दहा-बारा वाचकांना घेऊन तिकडेच जा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. या तीन तारखांना शाळा-कॉलेजांत कार्यक्रम असतात आणि शहरातले बोलणारे लोक आधीच ठरलेले असतात. कुणाला बोलवायचं असेल तर दोन महिने आधी विचारा, नाहीतर आठवडाभर पुढेमागे करा.

जिल्ह्यातल्या लेखकांच्या तारखा मात्र सोडू नका. १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे, जन्म वाटेगावचा, १९२०. १ ऑक्टोबरला ग. दि. माडगूळकर, जन्म शेटफळ्याचा, १९१९. वि. स. खांडेकरांचा तर जन्मच सांगली शहरातला, १८९८ चा. या लेखकांचं नाव घातलं की एरवी दुकानाची पायरी न चढणारे लोक येतात, कारण त्यांच्या गावाचं, आजोळाचं काहीतरी त्यात असतं. अशा माणसांना बोलू द्या. वाटेगावच्या माणसाला वारणेकाठाबद्दल जे सांगता येतं ते कुठल्याही समीक्षकाला येत नाही.

दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आईवडील बाहेर पडत नाहीत. त्याच सुमारास तासगाव, मिरजेकडे द्राक्षांची काढणी जोरात असते, तेव्हा शेतकरी वाचक येतील अशी अपेक्षा ठेवू नका. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी दिवाळी अंकांवर बैठक ठेवा. दिवाळीच्या आधी ठेवली तर कुणी वाचलेलं नसतं, डिसेंबरअखेर ठेवली तर विसरलेलं असतं.

आणि पूर. जुलैच्या शेवटापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत गावभागात, पेठांत किंवा नदीच्या बाजूला कोणताही मोठा कार्यक्रम ठरवू नका. आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि शहरातल्या जुन्या वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. आमचा ठोकताळा सांगतो. पुलापाशी पाणी ३५ फुटांवर गेलं आणि कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की बाहेरगावच्या पाहुण्याला फोन करून थांबवा; ४० फुटांची वाट पाहू नका, तोवर रस्ते बंद होऊ लागतात. अण्णाभाऊंचा कार्यक्रम यामुळे नेहमीच धोक्यात असतो. त्यासाठी विश्रामबागेकडची एखादी उंचावरची जागा आधीच बोलून ठेवा. कार्यक्रमासाठी मागवलेले गठ्ठे या दिवसांत जमिनीवर ठेवायचे नाहीत, एका रात्रीसाठीसुद्धा नाही.

सुरुवात कशाने करावी

नवीन दुकानाने लेखकाला बोलावून सुरुवात करू नये. एकदा नाव मोठं झालं की पुढच्या वेळी तेवढंच मोठं नाव लागतं. सुरुवात वाचनकट्ट्याने करा.

वाचनकट्टा म्हणजे एक पुस्तक, दहा ते चौदा माणसं, दीड तास. पुस्तक दोनशे पानांच्या आतलं निवडा, बाजारात मिळणारं निवडा आणि पाच आठवडे आधी जाहीर करा. मागवलेल्या प्रती येईपर्यंतच एखादा आठवडा जातो. चारशे पानांची कादंबरी पहिल्याच महिन्यात घेतली तर निम्मे लोक अर्धवट वाचून येतात, लाजून बोलत नाहीत आणि पुढच्या वेळी येत नाहीत. खुर्च्या गोलात मांडा, ओळीत नाही. सूत्र सांभाळणाऱ्याने सुरुवातीला पुस्तकाचा सारांश सांगायचा नाही. एक पान काढायचं, दहा ओळी वाचायच्या आणि विचारायचं, इथे तुम्हाला काय वाटलं? मग गोलातल्या प्रत्येकाने दोन-दोन मिनिटं बोलायचं, ज्याला नको त्याने 'पुढे' म्हणायचं. ही पहिली फेरी सोडू नका. ती नसेल तर एक निवृत्त प्राध्यापक पंचवीस मिनिटं बोलतात आणि कोपऱ्यातली नर्सिंगची विद्यार्थिनी, जिने पुस्तक दोनदा वाचलंय, तशीच घरी जाते. लांबण लावणाऱ्याला थांबवायचं असेल तर थेट तोडू नका. 'सर, हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, यावर ताईंना काय वाटतं बघू,' असं म्हणून चेंडू दुसरीकडे द्या. न वाचता आलेल्यांनाही बसू द्या. ते बहुतेकदा जाताना पुस्तक घेऊन जातात.

सलग चार महिने कट्टा चालला की बाकीचे प्रकार घ्या.

खुलं कवितावाचन सांगलीत भरून वाहतं. त्यामुळे तिथे अडचण गर्दीची नाही, वेळेची आहे. बारा कवी, प्रत्येकी पाच मिनिटं किंवा दोन कविता, जे आधी संपेल ते. नावं आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत घ्या. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा, तोही एका वेळी तीन नावांचाच. सगळा क्रम सुरुवातीला सांगितला की आपली कविता वाचून झालेले कवी एकेक करून उठतात आणि शेवटचा कवी रिकाम्या खुर्च्यांना कविता ऐकवतो. दुसऱ्या फेरीत प्रत्येकाने दुसऱ्या कुणाची तरी एक आवडती कविता वाचायची, असा नियम घाला. कवी दुसऱ्याचं वाचतात की नाही हे तेव्हाच कळतं, आणि दुकानातले कवितासंग्रहही त्यामुळेच हलतात.

मुलांचा गोष्टींचा तास पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा आणि नऊ ते बारासाठी वेगळा ठेवा. एकत्र केलात तर मोठी मुलं कंटाळतात आणि लहान दबतात. लहानांसाठी चाळीस मिनिटं पुरे: दोन गोष्टी वाचून, एक पुस्तकाशिवाय सांगून, मग चित्र. पंधरा मुलं, दोन मोठी माणसं, खाली सतरंजी. खालच्या दोन फळ्यांवर मुलांचीच पुस्तकं ठेवा आणि महागडी, आर्ट पेपरची पुस्तकं त्या दिवशी वर चढवा. आईवडिलांना बाहेर पाठवू नका, पण मुलांच्या मागे बसवा; पुढे बसले की मुलांऐवजी तेच उत्तरं देतात. मुलांचे फोटो घ्यायचे असतील तर आधी पालकांना विचारा, आणि दुकानाच्या पानावर टाकणार असाल तर तेही स्पष्ट सांगा.

पुस्तकांची अदलाबदल वर्षातून एकदा, पुस्तक दिनाच्या आसपास. एका माणसाने जास्तीत जास्त पाच पुस्तकं आणायची, जितकी आणली तितकी टोकन घ्यायची. गाईड, जुनी पाठ्यपुस्तकं आणि वाळवी लागलेली पुस्तकं घ्यायची नाहीत. वाळवीकडे नीट बघा. पुठ्ठ्याच्या कडेला मातीची रेघ दिसली की ते पुस्तक दाराच्या आत येऊ देऊ नका, एक पुस्तक अख्खं कपाट खातं.

लेखक येणार असतील तर

मानधन, प्रवास, मुक्काम या तिन्ही गोष्टी पहिल्याच फोनवर विचारा आणि ठरलेलं लगेच मेसेजमध्ये लिहून पाठवा. 'नंतर बघू' म्हणण्याने दोन्हीकडे कडवटपणा येतो. पैसे कमी असतील तर तसं सांगा, पुष्कळ लेखक समजून घेतात. पुण्याहून सांगलीला चार-पाच तास लागतात, म्हणून सकाळच्या कार्यक्रमासाठी आदल्या रात्रीची सोय करावीच लागते. कोल्हापूर पन्नासएक किलोमीटरवर आहे. तिथल्या एखाद्या वाचनालयाशी बोलून शनिवारी तिकडे आणि रविवारी तुमच्याकडे असं जमवलंत तर प्रवासखर्च निम्मा होतो.

वेळेची वाटणी अशी ठेवा. पाच मिनिटांत ओळख, दहा मिनिटं लेखकाने स्वतः वाचायचं, पस्तीस मिनिटं गप्पा, वीस मिनिटं प्रश्न, मग सह्या. गप्पा मारणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचलेलं असलं पाहिजे. हा नियम सांगावा लागतो याचं वाईट वाटतं, पण सांगावा लागतो. 'लिहायला कधी लागलात' हा प्रश्न सगळ्या मुलाखतींत झालेला असतो. एखाद्या पात्रावर, एखाद्या प्रसंगावर विचारा. प्रश्न घेताना 'एका वाक्यात विचारा' हे आधीच सांगा, पहिला प्रश्न आपल्या माणसाने विचारायचा ठरवून ठेवा. सुरुवातीची शांतता फोडायला तो लागतो.

पुस्तकं तीन आठवडे आधी मागवा. तीस माणसं अपेक्षित असतील तर नव्या पुस्तकाच्या बारा ते पंधरा प्रती, जुन्यांच्या प्रत्येकी तीन-चार. उरलेल्या प्रती प्रकाशक परत घेणार का, किती दिवसांत आणि पार्सलचा खर्च कुणाचा, हे मागवतानाच लिहून घ्या. लेखकाने स्वतः छापलेलं पुस्तक असेल आणि तो स्वतःच गठ्ठा घेऊन येणार असेल तर आल्या-आल्या प्रती मोजा आणि दोन चिठ्ठ्या करा: किती प्रती, छापील किंमत, दुकानाचा टक्का, हिशोबाची तारीख. एक त्याच्याकडे, एक तुमच्याकडे. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, पण बिल प्रत्येक विक्रीचं करा. सह्यांच्या रांगेत सगळेच क्यूआर कोडने पैसे देऊ पाहतात आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क जातं. दहा-वीस-पन्नासच्या नोटा मिळून हजार रुपयांची मोड गल्ल्यात ठेवा.

वाचायचं काय, परवानगी कशाला लागते

प्रसिद्ध साहित्यातला माफक उतारा लोकांसमोर वाचायला कायदा परवानगी देतो. त्यामुळे कट्ट्यावर चार पानं वाचली तर काळजी नाही. अख्खं नाटक वाचणं, अभिवाचनाचं रेकॉर्डिंग करून इंटरनेटवर टाकणं, सिनेमा दाखवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तिथे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क चालतात. अण्णाभाऊ १९६९ साली गेले, म्हणजे २०२९ संपेपर्यंत. खांडेकरांचे २०३६ पर्यंत, गदिमांचे २०३७ पर्यंत. मर्ढेकर १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. आणि रंगभूमी दिनाच्या नाट्यवाचनासाठी फार लांब जायला नको. हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, त्यांची नाटकं कधीच मोकळी झाली आहेत. आठ वाचक, प्रत्येकाकडे झेरॉक्स, दोन तालमी, पदं न गाता फक्त वाचायची. अडीच तासांचं नाटक काटछाट करून सत्तर मिनिटांवर आणा.

जाहीर कसं करायचं

येत्या महिन्याचे कार्यक्रम एकाच संदेशात लिहा आणि साध्या अक्षरांत लिहा. फुलांच्या चौकटीतलं पोस्टर सुंदर दिसतं, पण साठीच्या माणसाला फोनवर त्यातली वेळ वाचता येत नाही आणि शोधायला गेलं तर चित्रातला मजकूर सापडत नाही. संदेशाचा क्रम असा: काय आहे, वार, तारीख, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, जागा आणि जवळची खूण, जागा किती, शुल्क किती, नाव नोंदवायचा नंबर. संपण्याची वेळ जरूर लिहा. शेवटची बस पकडून तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडे जाणाऱ्या माणसाला येऊ की नको हे त्यावरच ठरवायचं असतं. वार आणि तारीख कॅलेंडरशी ताडून दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. 'रविवार' लिहून शनिवारची तारीख पडली की अर्धे लोक आदल्या दिवशी बंद दारासमोर उभे राहतात, आणि ते परत येत नाहीत.

व्हॉट्सअॅपवर ग्रुप करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी करा. ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांखाली तुमचा कार्यक्रम बुडतो. पण ब्रॉडकास्टचा संदेश ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो, म्हणून गिऱ्हाइकाचा नंबर घेताना तिथल्या तिथे त्याच्या फोनमध्ये दुकानाचा नंबर सेव्ह करायला सांगा. संदेश तीन वेळा: दहा दिवस आधी, दोन दिवस आधी, त्या दिवशी सकाळी. स्थानिक दैनिकांना तीन दिवस आधी पाच ओळींचं टिपण द्या. दाराच्या काचेवर हाताने लिहिलेला कागद चिकटवा. रस्त्याने जाणारा माणूस तोच वाचतो.

फुकट कार्यक्रमाला चाळीस नावं आली तर पंचवीस माणसं येतील असं धरा. पन्नास रुपये घेऊन ते त्या दिवशीच्या पुस्तक खरेदीत वळते करून दिले तर नाव नोंदवणारे बहुतेक येतात. कवितावाचन आणि मुलांचा तास मात्र मोफतच ठेवा.

त्या दिवशी

दीड तास आधी टेबल हलवा, खुर्च्या मांडा. वीस खुर्च्या मांडा, पाच रचून ठेवा. भरलेल्या वीस खुर्च्यांत पाच वाढवणं चांगलं दिसतं. पंचवीसमधल्या दहा रिकाम्या दिसल्या की बोलणाऱ्याचा उत्साह जातो. वेळेवर सुरू करा. आलेत तेवढ्यांत, अगदी सातच आले असतील तरी. दोन महिने असं केलंत की लोक वेळेवर येऊ लागतात.

चहा शेवटी आणि दाराबाहेर. तीस माणसांना पस्तीस कप धरा, म्हणजे तीन लिटर. कोपऱ्यावरच्या टपरीला आदल्या दिवशी सांगितलं की वेळेवर किटली येते. खायला भडंग द्यायचा मोह सांगलीत सगळ्यांनाच होतो. द्या, तीस जणांना एक किलो पुरतं. पण कागदी द्रोणात, चमच्यासकट, बाहेर, आणि पुस्तकांवर सह्या झाल्यानंतर. तेल-तिखटाची बोटं कोऱ्या पानाला लागली की तो डाग निघत नाही आणि ती प्रत विकता येत नाही. शेजारी पाण्याची बादली आणि रुमाल ठेवा.

लोक चहा घेत असताना एका माणसाने वहीत लिहायचं: किती आले, त्यांतले नवीन किती, कोणतं पुस्तक किती विकलं, कार्यक्रम किती वाजता संपला. 'नवीन किती' हा आकडा सलग तीन महिने शून्य असेल तर तुमचा संदेश त्याच साठ लोकांत फिरतोय असं समजा, आणि पुढच्या महिन्याचा कागद जवळच्या कॉलेजच्या, अभ्यासिकेच्या आणि एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात लावा. लोक पायरी उतरायच्या आत पुढच्या कार्यक्रमाची चिठ्ठी प्रत्येकाच्या हातात द्या, पुस्तक घेतलं असेल तर त्यातच खूण म्हणून घाला.